अस्तराच्या अलीकडे

तोंडातला पांढरा डाग मी पहिल्यांदा मोजला तेव्हा तो अठरा मिलिमीटर लांब आणि नऊ मिलिमीटर रुंद होता. मुलीची शाळेतली जुनी पट्टी साबणाने धुऊन घेतली, डावा गाल दोन बोटांनी बाहेर ओढला आणि आरशापुढे उभी राहिले. एका हाताने गाल, दुसऱ्या हातात पट्टी, त्यामुळे बॅटरी नवऱ्याला धरायला लावली. आकडा लिहायला जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून मापाच्या वहीतच लिहिला. मी शिवणकाम करते. त्या वहीत गावातल्या बायकांच्या ब्लाउजची मापं असतात. त्यांच्याखाली माझं हे माप गेलं.

डाग मला स्वतःला सापडलेला नव्हता. येडगावच्या धरणाच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथल्या उपकेंद्रात नर्सबाई रक्तदाब आणि साखर तपासायला बोलावत होत्या. मी रक्तदाबासाठी गेले. त्यांनी आ करायला सांगितलं, लाकडी पट्टीने गाल बाजूला केला आणि कापसाच्या जाळीदार तुकड्याने काहीतरी पुसायला लागल्या. तीनदा पुसलं. मला वाटलं, सकाळची मिसरी राहिली असेल. त्या म्हणाल्या, बुरशीचा पांढरा थर असता तर पुसून निघाला असता, हा निघत नाही. मिसरी कुठे धरता असं त्यांनी विचारलं आणि मी बोट लावून दाखवलं. डाग नेमका तिथे होता.

मिसरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि फडक्यातून गाळायची. बोटाने ती हिरड्यांना चोळायची आणि थोडी गालात धरून ठेवायची. आमच्याकडे बायका बिडी-सिगारेटला नावं ठेवतात, मिसरीला कोणी व्यसन म्हणत नाही. ते दात घासणं असतं. पहिल्या बाळंतपणानंतर माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, आपल्या डबीतली चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली. दाढ ठणकायची राहिली. मीही राहिले, मिसरीजवळ.

उपकेंद्रातून आल्यावर मी हिशेब केला. सत्तावीस वर्षं, दिवसातून चार वेळा, दर वेळी साधारण दहा मिनिटं. लीप वर्षं धरली नाहीत. सहा हजार पाचशे सत्तर तास आले. चोविसाने भागल्यावर दोनशे त्र्याहत्तर दिवस, म्हणजे नऊ महिने. नऊ महिने, दिवसरात्र, तंबाखू त्या एकाच जागी ठेवलेली होती. हा आकडा बघितल्यावर मी पुढच्या दिवशीच नारायणगावला गेले.

तिथल्या तोंडाच्या डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बराच वेळ बघितलं. पांढऱ्या डागाच्या मध्ये एक लाल ठिपका होता, तो मला आरशात दिसला नव्हता. पांढऱ्यापेक्षा त्या लालची मला जास्त काळजी आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग मानेला दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपून बघितलं. काय बघता असं मी विचारलं, तर म्हणाल्या, गाठी. हा आजार पुढे गेला तर आधी मानेतल्या गाठींमध्ये जातो. सध्या तिथे काही लागत नाही, हे बरं आहे.

मला आजाराचं नाव नको होतं, आत काय चाललंय ते हवं होतं. तसं म्हटल्यावर त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. गालाच्या आतली कातडी म्हणजे पेशींचे एकावर एक थर. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात. त्या वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होतात, शेवटी गळून पडतात आणि लाळेबरोबर पोटात जातात. कातडीला रोज एकाच जागी त्रास झाला की ती स्वतःला वाचवायला जाड होते. त्यांनी माझा उजवा अंगठा हातात घेतला. कात्रीने तिथे घट्टा पडलेला आहे. हा घट्टा आणि तोंडातला पांढरा थर, सुरुवात एकच, त्या म्हणाल्या. पण तंबाखू नुसती घासत नाही. ती पेशीच्या आत, तिच्या वाढीचा नमुना जिथे ठेवलेला असतो तिथे, बिघाड करते. मग खालच्या थरातल्या पेशी लहानमोठ्या निघायला लागतात, शिस्त सोडून वाढतात, चपट्या व्हायच्या त्या होत नाहीत.

चित्रात सगळ्या थरांच्या खाली त्यांनी एक बारीक रेघ ओढली. हा पडदा. बिघडलेल्या पेशी ह्याच्या वर आहेत तोवर त्याला कॅन्सर म्हणत नाहीत. पडदा फोडून खाली उतरल्या की म्हणतात.

"अस्तर," मी म्हटलं.

त्या हसल्या. "हो, अस्तरच म्हणा."

माझा प्रश्न एवढाच उरला. पेशी अस्तराच्या अलीकडे आहेत की पलीकडे? डोळ्यांनी बघून ते सांगता येत नाही. त्यांनी गाल बधिर करून लाल ठिपक्याजवळचा पाच मिलिमीटरचा तुकडा काढला, दोन टाके घातले आणि तो पुण्याला तपासणीला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट. तोवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ खाणं आणि मिसरी बंद. ताप आला तर वाट न बघता यायचं. त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा हो म्हटलं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला आवडत नाही. दोन दिवस मी मिसरीला हात लावला नाही. डोकं भणभणत होतं, पोट साफ झालं नव्हतं आणि जखम ठणकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या मागच्या चुलीवर तवा ठेवून नवी मिसरी भाजत होत्या. त्या वासाने शेजारणीही येऊन बसल्या, नेहमीच येतात. मी गाल धरून ओट्यावर बसले होते. आत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिकडं दुखतंय म्हणून बसलीस आन् औषध हितं तव्यावर हाय. जखमंत किडा व्हायच्या आत लाव जरा."

आमच्याकडे दुखऱ्या दाढेला मिसरी, विंचू चावला तरी तंबाखू. तंबाखूने किडा मरतो ही समजूत लहानपणापासून अंगात मुरलेली. मी शिकलेली आहे, डॉक्टरांचं चित्र माझ्या पर्समध्ये होतं. तरी मी उठले आणि गरम मिसरी टाक्यांवर दाबली. कोणी माझा हात धरला नव्हता. दहा मिनिटांत ठणका बसला, पोटही हललं. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा लावली, चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा. एकूण तीन वेळा.

पाचव्या दिवशी गाल सुजला आणि तोंडाला घाण चव यायला लागली. सहाव्या दिवशी सकाळी ताप एकशे एक पॉइंट सहा. वेणी घालताना जबड्याच्या खाली डाव्या बाजूला बोटाला गाठ लागली. मी पट्टी लावली. कातडीवरून नीट माप येत नाही, पण बावीस मिलिमीटरच्या आसपास होती. पाच दिवसांपूर्वी डॉक्टरांच्या बोटांना तिथे काहीच लागलं नव्हतं.

तो सोमवार होता. हे टेम्पोत बैल भरून बेल्ह्याच्या बाजाराला निघाले होते. मी गाठीचं सांगितलं. त्यांनीही बोट लावून बघितलं. मग म्हणाले, रिपोर्ट बुधवारीच आहे, दोन दिवसांसाठी दोन खेपा कशाला, बुधवारी मी टेम्पो लावत नाही, बरोबर जाऊ. त्यांचंही बरोबर वाटत होतं. आणि मला ते सोयीचं होतं, कारण बुधवारपर्यंत टाके धुऊन धुऊन स्वच्छ करता आले असते. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो आलाय हे कळल्यावर मी साडी बदलली. गाठ कशाची आहे ते मला आज कळायला हवं होतं. लपवलेलं माप घेऊन कपडा बेतला की तो अंगाला बसत नाही, मग शिवणारीला दोष देऊन उपयोग नसतो. मी जीप पकडून एकटी गेले.

डॉक्टरांनी गाल ओढला. टाक्यांच्या दोऱ्यात काळे कण अडकलेले होते, मी सकाळी तीनदा गुळण्या केल्या तरी.

"हे काय आहे?"

"मिसरी."

"कोणी लावली?"

"मीच. तीन वेळा. शेवटची परवा सकाळी."

त्या रागावतील असं मी धरून चालले होते. त्यांनी कागदावर तीन लिहिलं आणि हातमोजे चढवले. एक टाका सोडला, जखम दाबली, पू काढला, धुतलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी खुर्चीचा हात सोडला नाही. मग त्यांनी मानेतली गाठ हळूच हलवून बघितली. दुखतं का? दुखत होतं, चांगलंच. बोटाखाली ती सरकत होती. डॉक्टर म्हणाल्या, ही गोष्ट मला आवडली. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा कडक असते, सुरुवातीला दुखत नाही, आणि पाच दिवसांत एवढी वाढत नाही. ही जंतूंमुळे आलेली दिसते.

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी पंधरा हजार चारशे. जास्तीत जास्त अकरा हजार असाव्यात. हा आकडा वाढलाय तो वाईट का चांगला, मी विचारलं. त्या म्हणाल्या, शरीराला कळलंय की आत कोणीतरी घुसलंय, त्याची ही भरती आहे. पांढऱ्या पेशी रक्तातून जखमेत उतरतात, जंतूंना गिळतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. मघाशी काढला तो पू म्हणजे बराचसा ह्या मेलेल्या पेशीच. मानेतली गाठ म्हणजे त्यांची छावणी, तिथे जंतूची ओळख पटवून नव्या पेशी तयार होतात, म्हणून ती फुगते. आणि मिसरी लावून मी काय केलं तेही त्यांनी सांगितलं. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ठणका कमी झाला, पण मदत येण्याची वाटही अरुंद झाली, वर राख आणि घाण टाक्यांत बसली ती वेगळीच.

मला एक कळत नव्हतं. एवढी पंधरा हजारांची फौज तीन दिवसांच्या जंतूंना ओळखते, मग बिघडलेल्या पेशी तिथे वर्षानुवर्षं बसल्यात त्यांना का ओळखत नाही?

"त्या तुमच्याच आहेत ना," डॉक्टर म्हणाल्या. "परका ओळखणं सोपं. घरातला बिघडला तर ओळखायला वेळ लागतो. ओळखतात, मारतातही. पण तुम्ही दिवसातून चार वेळा नव्या बिघडवत होता."

त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि अट घातली. दहा दिवसांत गाठ उतरली नाही, तर सुई घालून तपासायची, मग मी अंदाजावर थांबणार नाही, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी माझी मिसरीची डबी चुलीत टाकली. डबी पत्र्याची असल्याने ती जळाली नाही, दुसऱ्या दिवशी राखेतून काढून कचऱ्यात टाकावी लागली. आत्यांना हे बघवलं नाही. मी त्यांना पू, गाठ, अस्तर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पंचावन्न वर्सं लावतीया. मला काय झालं? मिसरीनं मरत आसत्या तर ह्या वस्तीत एक बाई दिसली नसती." मी म्हटलं, तुमचं तोंड दाखवा मग, बॅटरी आणते. त्या पदर तोंडावर घेऊन उठून गेल्या. शेजारची वैनी मागून म्हणाली, "तुझं सोडलंस ते बरं केलंस बाई. पन सकाळी पोट उतरायचं काय? तेवढी चिठ्ठी आन डॉक्टरनीकडनं, म्हंजी आमीबी सोडतो." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. मला स्वतःला चौदा दिवस लागले, रोज उपाशीपोटी दोन तांबे कोमट पाणी आणि अर्धा तास चालणं. चौदाव्या दिवशी मी वैनीला चिठ्ठीऐवजी हेच सांगितलं.

बुधवारी हे बरोबर आले. रिपोर्ट इंग्रजीत होता. डॉक्टरांनी शब्द शब्द समजावला. पेशी बिघडलेल्या आहेत, मध्यम प्रमाणात. अस्तर शाबूत आहे. ह्यांनी लगेच हात जोडले. मी विचारलं, कुठलं अस्तर शाबूत आहे? त्या पाच मिलिमीटरचं ना?

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "बरोबर. तेवढ्याचंच."

तागा विकत घेताना मी कधी वरच्या हातभर कापडावरून घेत नाही, घडी उलगडून शेवटपर्यंत बघते. अठरातले पाच बघून झाले होते, तेरा राहिले होते. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. मिसरी बंद ठेवून महिना-दोन महिने वाट बघायची, काही डाग आपोआप कमी होतात. किंवा डाग पूर्ण काढायचा. लाल ठिपका आणि मध्यम बिघाड बघता त्यांचा कल काढण्याकडे होता. हे म्हणाले, घरी विचार करू. मी म्हटलं, विचार झालाय, तारीख द्या. फक्त आधी गाठ उतरायला हवी होती.

गाठ मी रोज सकाळी सातला, चहाच्या आधी मोजली. बावीस, बावीस, एकवीस, अठरा. चौथ्या दिवशी ताप गेला. मग पंधरा, बारा. दोन दिवस बारावरच थांबली आणि त्या दोन दिवसांत मी एक ब्लाउज दोनदा उसवला, बाह्या उलट्या जोडल्या होत्या. नंतर दहा, आठ. दहाव्या दिवशी बोटाला वाटाण्याएवढी लागत होती आणि दाबली तरी दुखत नव्हती. डॉक्टरांनी चाचपली, सुईची गरज नाही म्हणाल्या. गाठीचा प्रश्न तिथे संपला. अस्तराचा बाकी होता.

डाग मंचरला काढला. डॉक्टर स्वतः तिथे शस्त्रक्रिया करायला येतात. सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर चांगली कातडीही धरून त्यांनी कापलं. तासाभरात झालं, संध्याकाळी घरी आले. गाल आखडू नये म्हणून दिवसातून सहा वेळा तोंड जमेल तेवढं उघडायचं होतं. पहिल्या दिवशी वरच्या-खालच्या दातांमध्ये एक बोट गेलं, विसाव्या दिवशी तीन.

तपासणीला अकरा दिवस लागले. ह्या अकरा दिवसांत आत्या माझ्याशी मोजकंच बोलत होत्या, पण सकाळची पेज त्याच करून ठेवत. एकदा त्यांनी मिसरी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, पुतणीच्या चुलीवर जाऊन भाजली. वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून गेल्या हे मला पुतणीकडून कळलं.

अकराव्या दिवशी फोन आला. पूर्ण तुकडा तपासला होता. बिघाड तोच, मध्यम. एका जागी जरा जास्त, तो लाल ठिपका. अस्तर कुठेही ओलांडलेलं नाही. चारही कडा स्वच्छ. मी डॉक्टरांना चारही कडा एकेक करून विचारल्या आणि त्यांनी एकेक करून सांगितल्या. मग त्या म्हणाल्या, खात्री देत नाही. सत्तावीस वर्षं पूर्ण तोंडाला तंबाखू लागलेली आहे, दुसऱ्या जागीही असं होऊ शकतं. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मला खात्री नको होती, तारखा हव्या होत्या.

आत्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या बराच वेळ लसूण सोलत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "मिसरी मी न्हाई सोडायची, ते आत्ताच सांगून ठेवते. पन पुढल्या येळंला तुझ्यासंगं येते. बघू दे त्या पोरीला काय बघायचं ते."

त्या आल्या. कवळी काढून ठेवल्यावर बघायला सोपं गेलं. आत्यांच्या गालात जाड पांढरा थर होता, लाल कुठे नव्हता. डॉक्टरांनी त्यांचाही तुकडा घेतला. नुसती जाड झालेली कातडी निघाली, पेशी सरळ होत्या. परतताना जीपमध्ये आत्या मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारच्या बाईला सांगत होत्या, "म्हनलं व्हतं मी." पण चार वेळांच्या आता दोन झाल्यात. मी मोजते, हे त्यांना ठाऊक आहे.

आठव्या महिन्यात, तारखेला पाच आठवडे बाकी असताना, मला व्रणाच्या मागच्या टोकाला तीन मिलिमीटरचा पांढरा ठिपका दिसला. दोन दिवस थांबून पुन्हा मोजला, तीनच. पुसला, निघाला नाही. तिसऱ्या दिवशी नारायणगावला जाऊन बसले. डॉक्टर म्हणाल्या, ठिपका लहान आहे, पंधरा दिवस बघू शकतो. मी म्हटलं, काढा. त्यांनी काढला. रिपोर्टात बिघडलेली एकही पेशी नव्हती, दाताची कड घासून कातडी जाड झाली होती. त्यांनी दाताची ती कड गोल करून दिली.

मग त्यांनी पुढची तारीख लिहायला घेतली. आता सगळं नीट आहे, सहा महिन्यांनी आलात तरी चालेल, म्हणाल्या. मी तीन महिन्यांची मागून घेतली.